तिसऱ्या खोलीतली तालीम

इराकने कुवेत घेतलं त्या वर्षी मी सौदी अरेबियात, दम्मामच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कोल्ड स्टोरेजवर मेंटेनन्स सुपरवायझर होतो. तीन खोल्या होत्या. पहिलीत कांदे-बटाटे, दुसरीत गोठवलेलं मांस. तिसरी मालाची आवक वाढली की उघडायची, एरवी बंद. ऑगस्ट संपता संपता बायकोला आणि मुलीला मी मिरजेला पाठवून दिलं. मला निघता आलं नाही. पासपोर्ट कफिलाकडे, म्हणजे मला व्हिसा देऊन कामावर आणणाऱ्या सौदी मालकाकडे होता. माणूस दुष्ट नव्हता, पण मशीनं सांभाळणारा गेला तर माल नासेल एवढं त्याला कळत होतं. लढाई होणार नाही, असं तो आम्हाला रोज बजावायचा आणि स्वतःच्या घरच्यांची जेद्दाला जायची सोय बघायचा.

माझ्याबरोबर मागे राहिले ते आमचे स्टोअरकीपर. दापोलीच्या बाजूचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. त्यांना जायचंच नव्हतं. गावी घराचं काम अर्धवट पडलंय, छप्पर चढल्याशिवाय तोंड कसं दाखवू, म्हणायचे.

ऑक्टोबरात कफिलाने मागचं आवार आणि दोन रिकामी गोदामं अमेरिकन सैन्याला भाड्याने दिली. ट्रकमधून जी माणसं उतरली ती बघून आम्ही बुचकळ्यात पडलो. टीव्हीवर दिसायचे तसले दांडगे, कोवळे सोल्जर हे नव्हेत. पोट सुटलेले, चष्मेवाले, केस पिकलेले पुरुष आणि चार-पाच बायका. बंदुकांच्या जोडीला काळ्या पेट्या, लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या. एक पेटी आवारातच उघडलेली होती. आत काय आहे ते मी लांबूनच ओळखलं. क्लॅरिनेट.

माझे वडील क्लॅरिनेट वाजवायचे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानच्या बँडमध्ये ते नोकरीला होते. राजेसाहेबांना बँडची हौस, त्यामुळे पगार, गणवेश, शिकवायला गोव्याचे मास्तर, सगळं होतं. संस्थान विलीन झालं आणि बँडचं काय करायचं ते नव्या सरकारला कळेना. वाद्यं कचेरीतल्या एका खोलीत जमा झाली आणि वडील जकात नाक्यावर कारकून झाले. लग्नसराईत दोन पैशांसाठी भाड्याच्या बँडबरोबर जायचे. त्याबद्दल त्यांनी घरात कधी तक्रार केली नाही. फक्त दुसऱ्या कुणाची वरात वाजत आली की उठून खिडकी लावून घ्यायचे.

तर आमच्या आवारात उतरलेलं हे सैन्य म्हणजे एक बँड होता. अमेरिकेच्या मधल्या भागात गव्हाचं आणि गुरांचं एक मोठं राज्य आहे. नाव सांगितलं तरी आपल्याकडे कुणाला ओळखीचं वाटणार नाही. त्या राज्याच्या राखीव दलातली ही माणसं. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार गणवेश घालायचा, बाकी दिवस आपापली कामं. कुणी शेतकरी, कुणी पोस्टात, एक जण दातांचा डॉक्टर. बँडचे प्रमुख शाळेत संगीत शिकवायचे, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात मास्तरच म्हणायला लागलो.

अधूनमधून त्यांना बसमध्ये घालून विमानतळावर किंवा छावणीत वाजवायला नेत. पण आमच्या आवारात वाजवायची बंदी होती. भिंतीपलीकडे मशीद, आणि वाद्यांचा आवाज बाहेर जाता कामा नये असा वरचा हुकूम. गोदामं पत्र्याची. आत कुणी शिंकलं तर रस्त्यावर ऐकू जायचं.

एके सकाळी त्यांच्यातल्या एक बाई माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या असतील. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, नाकावर उन्हाने सोललेलं कातडं. त्यांनी आधी नमस्कारासारखी मान हलवली आणि विचारलं, तुमच्या त्या खोल्यांच्या भिंती किती जाड आहेत?

मी त्यांना तिसरी खोली दाखवली. वीतभर जाडीचं इन्सुलेशन, दोन्ही बाजूंनी पत्रा, रबराचं गॅस्केट लावलेलं जड दार. त्यांनी आत उभं राहून टाळी वाजवली. ती बराच वेळ घुमत राहिली. बाहेर आवाज जाणार नाही, पण आतही काही धड ऐकू येणार नाही, असं त्या म्हणाल्या. चाचांना मी मराठीत अडचण सांगितली. त्यांनी नाशिकच्या कांद्याची रिकामी पोती काढली आणि आम्ही तिघांनी ती मांस टांगायच्या आकड्यांना लटकवून भिंती झाकल्या. बाईंनी पुन्हा टाळी वाजवली आणि समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

कफिलाला विचारलं तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. मला काही सांगू नकोस, म्हणाला. आम्ही त्याचा अर्थ होकार असा घेतला.

नोव्हेंबर-डिसेंबरात जवळजवळ रोज दुपारी तालीम व्हायची. मी ब्लोअर मंद ठेवून खोली मिरजेच्या डिसेंबरातल्या सकाळसारखी करून द्यायचो. बाहेरच्या धुळीतून आत आल्यावर ती माणसं आधी नुसतीच श्वास घेत बसायची. कांद्याचा वास होता, त्याची त्यांना सवय झाली. मी दाराजवळ खोक्यावर बसून ऐकायचो. वडिलांच्या बँडमधल्या कित्येक चाली मला त्यांत सापडल्या. राजेसाहेबांनी इंग्रजांकडून घेतल्या होत्या, या माणसांनी कुठून घेतल्या कोण जाणे. चाचा गाण्या-बजावण्यापासून लांब राहणारे. पण दार नीट लागलंय का ते बघायला ते तालमीच्या वेळी न चुकता यायचे आणि संपेपर्यंत तिथेच असायचे.

बाई फ्रेंच हॉर्न वाजवायच्या. पितळी नळीचं गोल वेटोळं असतं, एक हात त्या नळीच्या रुंद तोंडात घालून वाजवतात. आपल्या गावात त्या ग्रंथपाल होत्या. गाव एवढं लहान की ग्रंथपालालाच बाकी सगळंही बघावं लागायचं. हार्डवेअरच्या दुकानावर एक सभागृह होतं, शेतकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेलं. त्याला ऑपेरा हाउस म्हणायचे. तिथे ऑपेरा कधीच झाला नाही, असं त्यांनी सांगितलं. नाटकं झाली, शाळेची गॅदरिंग झाली, लग्नं झाली. त्याचं छप्पर, पडदे, हिवाळ्यातलं गरम पाणी, हे सगळं बाईंकडे.

पैसे कुठून येतात, मी विचारलं. मला खरंच कुतूहल होतं. अमेरिका म्हणजे सगळं मुबलक, अशी आमची समजूत. त्यांनी समजावून सांगितलं. राज्याचं कला मंडळ होतं, ते अनुदान द्यायचं, पण अट अशी की तेवढीच रक्कम गावाने जमवली पाहिजे. मग त्या सफरचंदाचं सारण भरलेले 'पाय' भाजून विकायच्या, लिलाव करायच्या, शेतकऱ्यांच्या दारोदार जायच्या. आणि दरवर्षी अर्जात नव्याने पटवून द्यावं लागायचं की या गावाला नाटकाची, चित्रांची, व्हायोलिन वाजवणाऱ्या पाहुण्याची गरज काय.

"त्यांचा शेवटचा प्रश्न असतो, किती लोकांना फायदा होईल," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे माणसंच कमी. खरा आकडा लिहिला की तो वाचूनच लोक हसतात."

मी त्यांना आमच्या संस्थानची गोष्ट सांगितली. राजा असताना बरं होतं का, असं त्यांनी मला सरळ विचारलं. राजाने शेतकऱ्यांना पिळूनच बँड पोसला होता, हे वडीलच सांगायचे. आणि वाद्यं कुलपात गेली त्या दिवसाबद्दलही तेच सांगायचे.

जानेवारीत लढाई लागणार हे नक्की झालं. एक अमेरिकन अधिकारी तिन्ही खोल्या बघून गेला. दोन दिवसांनी कफिलाने निरोप दिला, तिसरी खोली रिकामी करून थंड ठेवायची. मी विचारलं, कुठला माल येतोय? तो म्हणाला, माल नाही.

पोती उतरवली. वाद्यं लाकडी खोक्यांत भरून बंदरावर गेली. बँडमधली निम्मी माणसं पहाऱ्यावर गेली, निम्मी ट्रकवर. बाईंना मोठा ट्रक मिळाला, पाण्याच्या बाटल्या आणि खाण्याची खोकी उत्तरेकडे न्यायची. गावी त्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायच्या, बर्फातूनही. इथल्या वाळूचं त्यांना काही वाटलं नाही. तिथे बायकांना गाडी चालवायला बंदी, त्यामुळे चौकातले पोलीस बाई ट्रक चालवताना बघून वळून वळून पाहायचे.

त्या आठवड्यांबद्दल लोक विचारतात. मला आठवतो तो क्षेपणास्त्र येताना वाजणारा भोंगा, दाराच्या फटीत कोंबलेले ओले टॉवेल, आणि विषारी वायूसाठीचे मास्क. मास्क मिळतील, मिळतील असं आम्हाला सांगत राहिले. मिळाले नाहीत. भोंगा झाला की मी आणि चाचा पहिल्या खोलीत कांद्यांच्या पोत्यांमध्ये जाऊन बसायचो, कारण तिथली दारं हवाबंद होती. चाचा दुआ पुटपुटायचे. मी कॉम्प्रेसरच्या आवाजाकडे कान लावायचो.

फेब्रुवारीत एका दुपारी बाई फेरीवरून परत आल्या आणि गेटजवळ थांबल्या. सैन्याच्या फोनवरून बहिणीशी बोलणं झालं होतं. राज्याच्या विधानसभेने कला मंडळाचं अनुदान काढून टाकलं होतं. सभागृह बंद. फिरत्या वाचनालयाची गाडी विकायला काढली होती, ग्रंथपालाचं काम अर्ध्या दिवसावर आणलं होतं. त्याच आठवड्यात गावाने सैनिकांसाठी मिरवणूक काढली होती आणि ते सुखरूप परत यावेत म्हणून घराघरांवर पिवळ्या फिती बांधल्या होत्या.

"माझ्यासाठी सभागृहाच्या दारावर पण फीत बांधली आहे," त्या म्हणाल्या. "कुलपाला."

मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाल्या, पुन्हा निघायचंय. मग म्हणाल्या की परत गेल्यावर सभागृह पहिल्यापासून सुरू करीन, पूर्वीही दोनदा केलं आहे. पण हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी वादळ आलं. सकाळी सूर्य होता, दहापर्यंत आभाळ विटेसारखं लाल झालं आणि मग काही दिसेना. अकराच्या सुमारास एक सैनिकी अँब्युलन्स दिवे लावून आत आली. मास्तर पुढे बसले होते. ते उतरून माझ्यापाशी आले आणि खोली किती अंशांवर आहे असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत.

"हॉर्नवाल्या बाई आहेत," ते म्हणाले.

उत्तरेच्या रस्त्यावर, धुळीत, समोरून चुकीच्या बाजूने आलेला ट्रेलर. शत्रूचा काही संबंध नव्हता. गोळी नाही, बॉम्ब नाही. पाण्याच्या बाटल्या रस्ताभर पसरल्या होत्या, एवढंच मास्तरांनी सांगितलं. विमानतळाकडचा रस्ता वादळामुळे बंद होता. तो सुरू होईपर्यंत त्यांना इथे ठेवायचं होतं.

चौघांनी त्यांना आत नेलं. दार मी लावलं. गॅस्केटवरून हात फिरवून बघायची माझी सवय आहे, तशी तेव्हाही बघितली. चाचा मागे उभे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आत त्यांच्याजवळ कुणी बसलंय का?

नाही, मी म्हणालो. बाहेर पहारा आहे.

"मयताला एकटं ठेवू नये, साहेब," चाचा म्हणाले. "आपली असो, परकी असो."

मी मास्तरांना ते सांगितलं. त्यांनी पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, नियमात नाही. आवाज चढवून नाही बोलला. त्यालाही ते म्हणताना वाईट वाटत असावं. मग आम्ही तिघं दाराबाहेर, मशीनरूमच्या कडेला बसलो.

तासाभराने कॉम्प्रेसरचा आवाज बदलला. मी धावत मागे गेलो. मशीनची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर उघड्यावर होता आणि त्याच्या पत्र्या वाळूने बुजल्या होत्या. प्रेशर चढत होतं, आणखी थोडं चढलं की मशीन ट्रिप होऊन आपोआप बंद पडणार. पहिल्या दोन खोल्यांच्या मशीनांचीही तीच गत. मी ती दोन्ही बंद केली. कांदे आणि मांस थोडा वेळ तग धरतील. तिसरीचं मशीन चालू ठेवायचं ठरवलं.

पाणी मारलं तर चिखल होऊन बसला असता. म्हणून कोरड्या ब्रशांनी पत्र्या झाडायच्या, झाडून होईपर्यंत पुन्हा भरायच्या. चाचांनी तीच कांद्याची पोती आणून वाऱ्याच्या बाजूला दोऱ्यांनी ताणून बांधली. वारा ती उपटून टाकायचा, ते पुन्हा बांधायचे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्याचा चिखल होत होता. मास्तरांना मी ब्रश दिला. थोड्या वेळाने बघतो तर ते ब्रश टाकून बोटांनी वाळू काढत होते. पत्र्या धारदार असतात. मी त्यांना थांबवलं तर त्यांनी ऐकलं नाही. मग बँडमधले आणखी दोघं-तिघं आले. दातांचे डॉक्टर होते त्यांत. आळीपाळीने सगळे झाडत राहिले. वादळ संध्याकाळी मंदावलं तोवर आमच्या अंगावर माणूस ओळखू येऊ नये एवढी धूळ होती. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा झाला. मास्तरांनी वाद्यं मागितली होती. बंदरावरून खोकी आणायला वेळ नाही, असं उत्तर मिळालं. मग सगळे गोदामापासून अँब्युलन्सपर्यंत दोन रांगांत उभे राहिले. सलाम केला. गाडी गेली. रांगा तशाच राहिल्या, मोडायला कुणी सांगितलंच नाही.

मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आम्ही इथे प्रत्येक जनरलसाठी वाजवलं."

त्यांच्या बोटांना पट्ट्या होत्या.

लढाई लवकरच संपली, पण आमच्याकडे दिवस उजाडेना. कुवेतच्या विहिरी जळत होत्या. वारा तिकडचा असला की भर दुपारी गाड्या दिवे लावून जायच्या आणि वाळत घातलेल्या शर्टावर काळे ठिपके पडायचे. बँडची माणसं एप्रिलात गेली. जाताना मास्तरांनी पत्ता दिला. पुढच्या वर्षी मला पासपोर्ट मिळाला आणि मीही परत आलो. चाचांचं छप्पर झालं. ते त्याखाली चार पावसाळे राहिले.

मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी तिच्याकडे गेलो. मास्तरांशी नाताळच्या शुभेच्छांपुरता पत्रव्यवहार होता. मी म्हटलं, मला त्या गावी जायचंय. नकाशावर बघून जावई म्हणाला, बाबा, तिथे काही नाहीये. तरी त्याने गाडी काढली.

खरंच काही नव्हतं. कापलेला गहू, उंच पांढरे धान्याचे कोठे, एक सरळ रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बंद दुकानं. मास्तर दारात उभे होते. नाकात ऑक्सिजनची नळी. त्या काळ्या धुरानंतर छाती कधी बरी झाली नाही, आणि त्याचा लढाईशी संबंध आहे हे सरकार मान्य करत नव्हतं. शाळेने संगीत बंद केल्यावर ते काही वर्षं शाळेची बस चालवत होते. बँडही विसर्जित झाला होता.

त्यांनी आम्हाला गाव दाखवलं. सभागृहाची जागा म्हणजे आता खडी टाकलेलं मोकळं मैदान. एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने छप्पर खाली आलं, मग अग्निशमनवाल्यांनी उरलेलं पाडलं. समोर चौकात काळा दगड होता, त्यावर बाईंचं नाव. दगडासाठी राज्याने पैसे लगेच दिले, असं मास्तर म्हणाले, गावाला काही जमवावं लागलं नाही. ग्रंथालय कचेरीच्या एका खोलीत हलवलं होतं आणि आठवड्यातून दोन दिवस उघडायचं. त्या दिवशी बंद होतं. आम्ही काचेतून आत पाहिलं. भिंतीवर त्यांचा गणवेशातला फोटो होता, खाली त्यांचा सैन्यातला हुद्दा लिहिलेला. ग्रंथपाल होत्या हे कुठे नव्हतं.

मास्तरांना उभं राहून दम लागला, म्हणून आम्ही त्यांना घरी सोडलं. त्यांनी मला विचारलं, ते मशीन कुठल्या कंपनीचं होतं? मी सांगितलं. चांगलं मशीन होतं, ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता.

परतीच्या वाटेवर जावयाने हळूच विचारलं, त्या बाई तुमच्या कोण होत्या? मी त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो, पण मध्येच त्याला पेट्रोल पंप दिसला आणि तो वळला. पुढे त्याने विचारलं नाही.